सुमनची शालिनीताई
शुक्रवार, ६ ऑगस्ट १९७६

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेल्या पोरींनी पहिल्या वर्षाच्या पोरींना हाताला धरून पुढं न्यावं, हे बुद्धविहारात मीच सुचवलं. मग आता माझ्याच पोटात का दुखतंय? माझी नात सुमन उठता-बसता 'शालिनीताई म्हणते' करते. जूनपर्यंत तिथं 'आजोबा म्हणतात' असायचं.

आज म्हणाली, "आजोबा, प्सायकॉलॉजी न्हाई, सायकॉलॉजी. त्यातला पी बोलायचा नसतो."

मीच शिकवलेलं, डिक्शनरीत वाचून. छापलेला पी बोलायचा नाही, हे मला कोण सांगणार होतं?

"वर्गात हसले का गं?"

"न्हाई. ताईनं आधीच सांगितलं."

पोरीची अब्रू शालिनीनं राखली, माझ्यापासून. बरंच झालं. तरी जळतंच.

जेवल्यावर, तिला शिकवलेले सगळे शब्द कागदावर उतरवून दिले. म्हटलं, "उद्या ताईला दाखव, अजून कुठं चुकलोय ते बघू दे." खरं सांगायचं तर कागद हातातून सुटत नव्हता.