रविवारची बस रद्द कर

लाडक्या आईला डेशॉनची घट्ट मिठी,

मी बरा आहे, पोटभर जेवतो. पण रविवारची मेम्फिसची बस रद्द कर. मेम्फिसच्या बास्केटबॉल संघाने माझी अदलाबदल केली. आता मी देशाच्या दुसऱ्या टोकाला, पोर्टलंडकडून खेळतो.

मी मॅनेजरला विचारलं, "वाईट खेळलो का?"

"नाही रे! वाईट खेळाडूला कोण मागतं? आम्हाला आत्ता नाही, तीन वर्षांनी जिंकायचंय."

माझ्या बदल्यात त्यांना तीन वर्षांनी येणारा एक नवा खेळाडू निवडायचा हक्क मिळाला. तो पोरगा आज शाळेत असेल, आईच्या हातचं खात असेल.

तुझा गुडघा कसा आहे? मला खेळताना बघायचं तुझं याही वर्षी राहिलंच. जुनी जर्सी टाकू नकोस, घालत जा. पाठीवरचं आडनाव बाबांचं आहे, ते अदलाबदलीत गेलेलं नाही.

तुझ्या दारातून वाकून येणारा,
डेशॉन