तीन खिडक्यांची धूळ

परभणी,
२४ मे २०२५

चि. मैथिलीस अनेक आशीर्वाद.

त्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं होतं. हंडे भरून, अंगण झाडून मी ज्वारी निवडत बसले होते आणि तू स्टुलावर चढून खिडकीबाहेर व्हॅसलीन लावलेली काच टांगत होतीस. महिना झाला बघ. तू सांगितल्याप्रमाणे तिला पाऊस लागू दिला नाही. आज तुझ्या वर्गातल्या महारुद्रच्या हाती डबीत घालून पाठवते आहे. शेजारच्या मालनबाई रोज विचारायच्या, दृष्ट लागू नाही म्हणून टांगलीय का काय. धूळ मोजायलीय आमची मैथिली, असं सांगितलं तर लय हसल्या.

बायपासचे ट्रक आणि मागचा खडीचा क्रशर दोन्ही चालूच आहेत. हे जाऊन तीन वर्षं झाली, तरी कुणी खोकलं की मान वळते. झरीत मंजुषा तुझ्या काचांच्या निकालाची वाट बघते आहे. तिच्या भक्तीला दमा, म्हणून माझी लेक घाबरते. इथली हवा बरी निघाली तर नात पहिलीला माझ्याकडे राहील. तिच्या दप्तरासाठी खुंटी खाली ठोकून घेतली आहे.

जपून राहा, जेवण टाळू नकोस.

तुझी,
सत्यशीला मावशी


छत्रपती संभाजीनगर,
२ जून २०२५

ती. मावशीस सा. नमस्कार.

तिन्ही काचा तपासल्या. पिंगळी स्टेशनजवळची सगळ्यांत धुळकट, मंजूताईच्या घरची त्याहून बरी आणि तुझी सगळ्यांत स्वच्छ! क्रशरवाल्याला दम दिलास की काय?

सर म्हणाले, बायपासला लागून असलेल्या घरात असं होत नाही, पुन्हा विचार. मी म्हटलं, माझी मावशी डाळीतला खडा सोडत नाही, ती काय चुकणार. तरी एकदा सांग, काच पडली, बदलली, असं काही झालं का? नसेल तर ताईला कळवते, भक्तीला खुशाल पाठव म्हणून.

तुझ्या हातच्या धपाट्यांची भुकेली,
मैथिली


परभणी,
९ जून २०२५

चि. मैथिलीस आशीर्वाद.

तुझं पत्र चार दिवस पोथीखाली ठेवलं होतं. काच पडली नाही, बदलली नाही. मी ती धुतली.

महारुद्र यायच्या आधी उतरवली तर काळीमिट्ट. कुणाचा डबा आपण खरकटा परत करतो का? तशीच ती साबणानं घासली, पुसली, वर नवं व्हॅसलीनही लावलं. तू लिहून दिलेल्या कागदावर पाऊस लागू देऊ नये असं होतं, धुऊ नये असं नव्हतं. दोनदा वाचला होता. तुझं पत्र आल्यावर कळलं, जे मोजायचं तेच मी मोरीत सोडलं.

कळूनही गप्प बसले. घरात पोर वावरेल, एवढंच डोक्यात. यांना डॉक्टर विचारायचे, बिड्या किती ओढता. यांनी जन्मात बिडी ओढली नाही. इथली हवा कशी आहे ते मला काचेवाचून माहीत होतं, मैथिली.

सरांना सांग, चूक मावशीची. पाहिजे तर नवी काच पाठव, आहे तशी परत देईन. मंजुषाला तू काही कळवू नकोस, मीच सांगते.

थकवा फार येतो. तुझी माया असू दे.

तुझी,
सत्यशीला मावशी

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं झरीला गेले आणि भक्तीचं नाव तिथल्या शाळेत घातलं.