उमाबाईची ओटी

पुणे, ३ सप्टेंबर १९५६

॥ श्री ॥

गं. भा. अहल्येस यज्ञेश्वरकाकाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझी शाळा ठीक चालली असेल. माझे गुडघे कुरकुरतात, पण कुलवृत्तांताचं काम थांबलेलं नाही. तुमचा मध्यभारत येत्या नोव्हेंबरात मध्यप्रदेशात विरघळणार. मग माळव्यात आपली माणसं कोण, कुठली, हे कोणाला विचारणार? म्हणून हे पुस्तक आत्ताच व्हायला हवं.

तुझ्याकडे एक काम आहे. क्षिप्रेकाठी आपल्या जुन्या मंडळींच्या समाध्या आहेत, त्यांचे फोटो काढून पाठव, खालची नावंही उतरून घे. सती उमाबाईच्या समाधीचा फोटो विशेष चांगला हवा, कारण तो पहिल्या पानावर घालायचा आहे.

दुसरं. शाळेतल्या कोणा विलास मास्तराशी तू पुन्हा लग्न करणार, असं कानावर आलं. तुझे आईवडील नाहीत, म्हणून मीच बोलतो. नवऱ्यामागे अग्नीत गेलेल्या बाईचं हे घराणं आहे. आपल्याकडे पुनर्विवाह झाला नाही आणि होणार नाही. अधिक लिहीत नाही, तू शहाणी आहेस.

काकूचे आशीर्वाद. प्रकृतीला जप.

यज्ञेश्वर


उज्जैन, १९ सप्टेंबर १९५६

॥ श्री ॥

ती. काकांस अहल्येचा शि. सा. नमस्कार.

आधी एक तक्रार. लिफाफ्यावर गं. भा. लिहीत जाऊ नका. आमचा पोस्टमन पत्ता मोठ्याने वाचतो, आणि गल्लीला दर वेळी नव्याने कळतं की बहनजी विधवा आहेत. त्यांना ते चार वर्षांपासून माहीत आहे.

कानावर आलं ते खरं आहे. तुळशीचं लग्न झालं की आमचं. परवानगी मागत नाही, कळवते आहे. फक्त काकूने यावं असं फार वाटतं. आई गेल्यावर माझ्या वेण्या तिनेच घातल्या. लग्नात माझी ओटी तिच्या हातून भरली जावी, एवढीच इच्छा आहे. बाकी मला काही नको.

आता तुमचं काम. विलासचा कॅमेरा घेऊन दोन रविवार नदीकाठी घालवले. गवत कमरेइतकं, त्यात बकऱ्या आणि त्यांच्यामागे ओरडणारी एक म्हातारी. आम्ही फोटो काढतो म्हटल्यावर तिला वाटलं सरकार जमीन घेणार. विलासने तिचाही फोटो काढला तेव्हा शांत झाली. दगडावर ऊन सरळ पडलं की अक्षरं दिसत नाहीत, म्हणून मी आरसा धरून बाजूने उजेड पाडत होते आणि झिजलेल्या अक्षरांत तांदळाची पिठी भरत होते. असे नऊ फोटो निघाले. फ्रीगंजातल्या स्टुडिओत धुऊन घेतले, सोबत पाठवते.

उमाबाईचा मात्र निघेना. आपण पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर थापून त्या दगडाचा गोळा करून टाकला आहे. दर नवरात्रात काकू खण पाठवते आणि शेजारच्या जयूवहिनी अष्टमीला सतीची ओटी भरतात. मी विधवा, म्हणून चार पावलं मागे उभी. तर मी तो शेंदूर काढला. खोबरेल तेल लावून, सुतळीच्या बोळ्याने, हळूहळू. जयूवहिनी म्हणाल्या, सती कोपेल. मी म्हटलं, कोपली तर माझ्यावरच कोपेल.

काका, आत सतीचा हात नाही. सतीच्या दगडावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असतो, तसले तिथे दुसरे दोन आहेत, म्हणून मला ओळखता येतो. आपल्या दगडावर जो उंचवटा आपण हात समजून कुंकू लावत आलो, ती कळशी आहे. खाली लिहिलंय, उमाबाई, बापूजींची स्त्री, हिने यात्रेकरूंसाठी विहीर बांधली, शके १७७० साली वारली. शेजारी बापूजींची समाधी आहे, तिच्यावर शके १७३९.

म्हणजे नवरा गेल्यावर ती एकतीस वर्षं जगली. विहीर बांधून जगली. आणि या सगळ्या नवरात्रांत आपण ओटी भरली ती एका विधवेची. घराण्याचं काय वाईट झालं, ते मला कळवा.

फोटो सोबत आहे. तोच पहिल्या पानावर घाला.

काकूला नमस्कार. राग आला तरी माया कमी करू नका.

अहल्या


पुणे, २७ सप्टेंबर १९५६

॥ श्री ॥

गं. भा. अहल्येस आशीर्वाद.

नऊ फोटो उत्तम आले, कुलवृत्तांत मंडळाने कौतुक केलं. दहावा मी कोणाला दाखवलेला नाही. शेंदूर काढण्याचा अधिकार तुला कोणी दिला? माझ्या आजोबांनी सतीची हकीकत त्यांच्या आजीकडून ऐकली होती. ती म्हातारी काय खोटं बोलली? पुस्तकातला मजकूर जुळून झाला आहे. तू त्या दगडाला पुन्हा शेंदूर लाव आणि मग फोटो काढून पाठव. एवढं केलंस तर मी बाकी काही बोलणार नाही.

न केलंस, आणि ते लग्नही केलंस, तर वंशावळीत तुझं नाव राहणार नाही. काकूही लग्नाला येणार नाही. हे मी विचार करून लिहितो आहे.

तुझं भलं चिंतणारा,
यज्ञेश्वर


उज्जैन, ५ ऑक्टोबर १९५६

॥ श्री ॥

ती. काकांस नमस्कार.

शेंदूर लावणार नाही. माझं नाव गाळायचं तर खुशाल गाळा. तसंही तुमच्या वंशावळीत मुलींची नावं एका ओळीत संपतात. पण उमाबाईला पुन्हा जाळू नका. ती एकदाही जळली नव्हती, आता तुम्ही पुण्यात बसून छापखान्यात जाळणार. ती जगली याची तुम्हाला एवढी लाज का वाटते? मला तर त्या दगडापाशी बसून पहिल्यांदा वाटलं की या घरात माझंही कोणी होतं.

निगेटिव्ह माझ्यापाशी आहे. पुस्तकात ती सती छापलीत, तर हा फोटो मी उज्जैनच्या प्रत्येक मराठी घरात पोचवीन. धमकी समजा हवं तर.

काकू येणार नाही हे वाचून रडले. लग्न मात्र ठरल्या दिवशी होईल.

तुमचीच,
अहल्या


पुणे, २९ ऑक्टोबर १९५६

॥ श्री ॥

चि. सौ. कां. अहल्या हिस अंबिकाकाकूचे पोटभर आशीर्वाद.

माझं अक्षर वाईट आहे, समजून घे. तुझी पत्रं मला अर्धीच वाचून दाखवली जात होती. आठ-दहा दिवसांपूर्वी टेबल पुसताना फोटो सापडला, मग सगळी पत्रं बसून वाचली. दुपारचा भात करपला. करपू दे म्हटलं.

मुली, लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी त्या सतीचा उपास करते. सासूबाई म्हणायच्या, तिच्यासारखी हो. मनातून मला तिची भीती वाटायची. हे कधी कोणाला बोलले नाही. फोटोत ती कळशी पाहिली आणि भीती गेली. फोटो देव्हाऱ्यात ठेवला आहे. ह्यांनी काढला तर मी पुन्हा ठेवते. असं आमचं आठ दिवस चाललंय. आज सकाळी त्यांनी काढला नाही.

ते लग्नाला येणार नाहीत म्हणतात. मी येणार. एकटीने खांडव्याला गाडी बदलायची कशी, ते शेजारच्या वासंतीकडून समजून घेतलं आहे. दोन खण आणते, हिरवे. आधी नदीवर जाऊन उमाबाईची ओटी भरू, ती कोण होती हे ठाऊक असताना. मग तुझी. जयूवहिनींनाही बोलाव. या वेळी तू मागे उभी राहायचं नाहीस.

विलासरावांना म्हणावं, कॅमेरा तयार ठेवा.

तुझ्या नावामागे काय घातलंय ते पाहिलंस ना? लिफाफ्यावरही तेच लिहिलं आहे, चांगलं ठळक. पोस्टमनला मोठ्याने वाचू दे.

तुझी,
काकू