बाबांच्या जागेवर

प्रिय सुप्रिया,

तुझा फोन ठेवल्यापासून लिहीन लिहीन म्हणते, पण हात उचलत नाही. काम आहे तेवढंच आहे, दमायला मात्र बाबा गेल्यापासून जास्त होतं. खोपोलीच्या ॲसिडच्या कारखान्यात त्यांच्या जागी घरातल्या एकाला घेणार आहेत, तर मीच कॉलेज सोडून येते, असं तू म्हणालीस. मी नुसतं बघू म्हटलं.

तुझं बारावीचं केमिस्ट्रीचं पुस्तक मी माळ्यावरून काढलंय. इंग्रजी मला कुठलं झेपायला, पण तू कडेला पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेत, त्यांच्यावर भागतं. कार्बोक्झिलिक ॲसिडचा धडा चाललाय. शेजारची सोनाबाई येता-जाता विचारते, "काय गं, बोर्डाला बसतीस का काय?" मी म्हणते, "पास झाले तर पेढा तुलाच आधी, आता गप बस."

लाल मुंगी चावली की आपण चुना लावतो ना, ती आग एका ॲसिडची. तूप खवट होतं, तो वास दुसऱ्याचा. सगळी एकाच भावकीतली. शेवटाला तोच गट, एक कार्बन, दोन ऑक्सिजन, एक हायड्रोजन, आणि स्वभाव मात्र एकाचा दुसऱ्याला नाही. बाबांच्या शर्टाला यायचा तो आंबूस वास ॲसेटिकचा, व्हिनेगरमध्ये असतं त्या ॲसिडचा. तो शर्ट मी अजून धुतला नाही, तरी वास गेला. हे ॲसिड उडून जाणारंच आहे म्हणे.

थंडीत बाबा उशिरा यायचे आणि म्हणायचे, ॲसिड गोठलं होतं, ड्रम कोमट पाण्यात ठेवून वितळवत बसलो. मी हसायचे. मी म्हणायचे, ॲसिड आहे की खोबरेल तेल? आता पुस्तकात वाचलं. शुद्ध असलं तर सोळा-सतरा अंशांखाली खरंच बर्फासारखं गोठतं.  सांगायला कोणी नव्हतं.

हे फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस आणि मला पुढे बोलू दिलं नसतंस, म्हणून पत्र. परवा मी कारखान्यात जाऊन आले. राजेशसाहेब म्हणाले, "वहिनी, मुलीला पाठवा, शिकलेली आहे." मी म्हटलं, "म्हणूनच नाही पाठवत." सोमवारपासून मी जातेय. काम पॅकिंगमध्ये आहे, ड्रमना लेबलं लावायची. ज्याला हात लावायचा त्यात काय आहे ते माहीत असावं, म्हणून हे सगळं वाचणं. एस्टरपाशी अडलेय, दिवाळीला आलीस की समजावून सांग. तोवर एकही प्रॅक्टिकल बुडवू नकोस. आणि बॅग भरली असशील तर कपडे काढून परत कपाटात लाव.

तुझीच,
आई