अठरा नंबरची विहीर

अण्णा, तुमचा जुना कॉम्प्युटर आज चालू केला. हौस म्हणून नाही. आमच्या सोसायटीच्या पार्किंगची फरशी एका जागी खचायला लागली आहे. सेक्रेटरीबाई सकाळीच दारात. "ताई, तुमचे वडील विहिरी मोजायचे म्हणं. बघा की जरा, आपल्या खाली एखादी बुजवलेली तर नाय ना? लेकरं खेळतात तिथं." गेटवर पाण्याचा टँकर लागला होता. मी म्हटलं, बघते.

दुष्काळाच्या त्या वर्षांत तुम्ही पाचोडपासून वैजापूरपर्यंत विहिरींत फीत सोडून पाणी मोजत फिरायचात आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात, आई भाकरी थापत असताना, मला आकडे सांगायचात. मी ते या कॉम्प्युटरवर भरायचे, एका विहिरीची एक फाइल. अठरा नंबरची विहीर शहराच्या कडेला होती. ती एकदा मोजून ये म्हणून तुम्ही मला सांगितलं आणि मी उन्हाच्या कंटाळ्यानं गेलेच नाही. सगळ्याच आटल्यात, हीच काय वेगळी असणार, म्हणून घरबसल्या "कोरडी" लिहून टाकलं. तुम्ही माझ्या चपलांकडं पाहिलं. त्यांना धूळ नव्हती. "कोरडी हाय असं लिव्हायला बी वाकून बघावं लागतंय, बाई," एवढंच म्हणालात. ओरडला असतात तर बरं झालं असतं. लाजेनं मी त्या फाइलच्या नावाआधी टिंब दिलं. तसं केलं की या कॉम्प्युटरच्या लिनक्सवर फाइल दिसेनाशी होते, हे शाळेत नुकतंच कळलं होतं. तुम्ही पुन्हा विषय काढला नाहीत. मला वाटलं, विसरलात.

आज पायथन प्रोग्रामच्या दोन ओळींत त्या फोल्डरची यादी काढली. त्यासाठी ग्लॉब ही आज्ञा वापरली. गावोगावच्या विहिरी सरसर उतरल्या, आमच्या भागातली एकही नाही. जीव भांड्यात पडला, यादी छापलीसुद्धा. मग आठवलं, ग्लॉब टिंबवाली नावं वगळतं. काहीच न वगळणाऱ्या लिस्टडिर आज्ञेनं पुन्हा काढली, तेव्हा ती आली. शेवटचा बदल माझा नव्हता.

तुम्हाला माउस धड धरता येत नसे, अण्णा. ती फाइल तुम्हाला सापडली कशी? माझ्या "कोरडी"खाली महिन्यामहिन्याच्या नोंदी आहेत. "वाकून बघितलं. पाणी हाय." बाकी सगळ्या विहिरींचे तळ उघडे पडले त्या महिन्यातही, "पाणी हाय. वर येतंय." मग, "मुरूम टाकून बुजवली." आणि तुम्ही गेलात त्याच्या आठवडाभर आधी, "मुरमाला कान लावला. पाणी हाय." शेजारी सर्व्हे नंबर. आमच्या सोसायटीचाच. मी तिथं कधी गेलेच नव्हते, म्हणून फ्लॅट घेताना जागा ओळखली नाही.

खाली जाऊन आले. एवढ्या उकाड्यात फरशीचा एक गोल तेवढा गार आहे. कुत्री त्याच्या कडेनं झोपतात, आत पाय ठेवत नाहीत. पोरांचा चेंडू तिथं आपटला की आवाज जरा उशिरानं, खालून येतो. मला भीती वाटली. पार्किंग उकरलं तर घर खाली करायला लावतील, आईला या वयात कुठं नेऊ? एवढ्यात सेक्रेटरीबाई आल्या. "सापडलं का काही?" मी त्यांना यादी दिली. पहिली, अठरा नंबर नसलेली. कान लावायला मी वाकलेसुद्धा नाही.

पोरं आत्ता खाली खेळताहेत. हे पत्र त्याच फोल्डरमध्ये ठेवते आहे, नावाआधी टिंब देऊन. तुम्हाला सापडेल, माहीत आहे.