बंब मामींचा, नळी मामांची

४ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मामींचा हात कसा आहे? आई सांगत होती, आजारपणानंतर बाकी सगळं पूर्ववत झालंय, फक्त उजव्या हाताची बोटं अजून ऐकत नाहीत.

इकडे माझं डोकं उठलंय. आमच्या कंपनीचा अग्निशमन दलाचा गेम मीच तुमच्या संगणकावर घालून दिला होता. मामी खेळायच्या, आता तो धूळ खात पडला असेल. डाव्या हातानं कळा दाबून बंब चालवायचा, उजव्या हातातल्या माउसनं नळी धरून आग विझवायची, एवढाच खेळ. पण काही रिकामटेकडे लोक घरबसल्या त्यात फेरफार करतात आणि इंटरनेटवर सगळ्यांना वाटून टाकतात. त्याला मॉड म्हणतात. कुणी आमच्या शहरात पाऊस पाडला, कुणी रुग्णवाहिका आणली. त्यांचा म्होरक्या ‘कासव’ नावाचा कुणी महाभाग आहे. त्यानं दोघांनी मिळून खेळायची सोय केलीय, एकानं बंब हाकायचा, दुसऱ्यानं नळी धरायची. आमच्याकडे यावर ढीगभर बैठका होऊन ते अशक्य ठरलं होतं. आता आम्ही गेममध्ये काही सुधारलं की कासवाचा मॉड मोडतो आणि लोक शिव्या आम्हाला घालतात. त्या वाचायला बसवलंय मला.

आमच्या ऑफिसातल्या मॅडमनी फर्मावलंय की पुढच्या वेळी मॉडचा रस्ताच बंद करायचा, आणि तो नीट बंद झालाय की नाही हे मी तपासायचं. तो कासव भेटला तर उताणा करून ठेवीन. दवाखान्यात तुमच्यासमोर बसून कुणी असलं काही बोललं तर कळवा; लोकांची तोंडं उघडी असतातच.

मामींना नमस्कार. दातांइतकीच भाचीचीही काळजी घेत जावी, ही विनंती.

तुमची,
खारूताई


१२ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी घोटभर पाणी प्यालो, मग उत्तर लिहायला बसलो. कासव मीच. उताणा करायला केव्हाही ये, फक्त माझं वजन वाढलंय हे लक्षात ठेव.

रिकामटेकडा म्हणालीस ते मात्र लागलं. दिवसभर मी लोकांच्या दाढा कोरतो. आमच्यात एक बेकरीवाला आहे, एक परिचारिका आहे, एक भूगोलाच्या शिक्षिका आहेत. एकमेकांची तोंडंही आम्ही पाहिलेली नाहीत. मी दोघांच्या खेळाचं काढलं तेव्हा बंब एकीकडे जायचा आणि नळी हवेत लटकायची. बाईंनी पडदा मधोमध वाटायची युक्ती सांगितली. बेकरीवाल्यानं ते सगळं इतकं हलकं केलं की माझ्या जुनाट संगणकावरही पळायला लागलं. परिचारिका चुका शोधते आणि कुणाची गय करत नाही. तुम्ही मोडता, आम्ही पुन्हा सांधतो. दर वेळी काहीतरी नवं सुचतं, म्हणून रागही येत नाही.

मी हे का केलं विचारशील, तर एकट्यानं खेळायचा कंटाळा आला होता. तुझ्या मामीला म्हटलं, बंब तू चालव. एवढंच.

आता ऐक. नोकरी तुझी आहे. रस्ता बंद करायला सांगितलाय, तर कर. माझ्याकडे बघू नकोस आणि माझं नाव मुळीच काढू नकोस. मंडळींची समजूत मी घालीन.

राग दातांखाली धरू नकोस, दात झिजतात. लोभ आहेच, तो वाढता असू दे.

तुझा,
मामा (कासव)


१३ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अ. आ.

अक्षर डाव्या हाताचं आहे, हसू नकोस. ह्यांनी तुझं पत्र मला वाचून दाखवलं, पण स्वतःचं उत्तर दाखवलं नाही. म्हणून पाकीट चिकटवायच्या आधी मीच ते काढून वाचलं.

कंटाळा आला होता म्हणे! अगं, हे कधी खेळतच नव्हते. आजारपणानंतर मी एकदा गेम लावला. डाव्या हातानं बंब ठरल्या जागी नेला, पण नळी काही हलेना. समोर घरं जळतायत आणि आपण नुसतं बघत बसायचं. मी संगणक बंद केला आणि म्हटलं, पोरखेळ आहे, काढून टाका. मग हे कितीतरी दिवस मागच्या खोलीत काहीतरी खुडबुडत बसायचे. मला वाटलं, दवाखान्याचं काम असेल. एक दिवस तोंड वाकडं करून म्हणाले, की त्यांना बंब चालवणं जमत नाही, मी जरा मदत करते का. ते खरंच जमत नाही त्यांना. आता रोज जेवणाआधी आम्ही एक तरी आग विझवतो आणि भरपूर भांडतो.

मला हे कळलंय, हे त्यांना कळलेलं नाही. तूही बोलू नकोस. रस्ता बंद करायचा तर कर बापडी, पण त्याआधी एकदा कुणाला तरी शेजारी बसवून खेळून बघ.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मामी


२ मार्च

ती. मामा-मामींस,
सा. न. वि. वि.

मामींचं ऐकून मी मॅडमनाच शेजारी बसवलं. बंद करायचं ते आधी पाहून घ्या, असं म्हटलं. नळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी पेटलेलं दुकान सोडून शाळा भिजवली आणि बंब चुकीचा लावला म्हणून मला झापलं. मी मागे घेतला, तर नळी ओढली गेली म्हणून पुन्हा झापलं. सगळं ऑफिस भोवती जमलं. डबे गार झाले तरी मॅडम उठेनात.

आणि मामा, मी तुमचं ऐकलं नाही. मॅडमना सांगून टाकलं की कासव माझा सख्खा मामा आहे, तेव्हा हे काम दुसऱ्या कुणाला द्या. त्यावर त्या म्हणाल्या, की नळी बंबाला चिकटून कशी राहते हे मामा आमच्या लोकांना समजावतील का. त्यांना ते अजून सुटलेलं नाही.

तर रस्ता बंद होत नाही. उलट मॉडवाल्यांसाठी रीतसर दार ठेवायचं ठरलंय. दोघांचा खेळ आता मूळ गेममध्येच येणार आणि तुम्हा चौघांना रीतसर बोलावणं येईल. बैठकीत मीही एक मागणी रेटली: सगळा गेम एकाच हातानं खेळता यावा. कुणाला लागणार आहे ते, असं एकानं विचारलं. मी म्हटलं, लागणारं माणूस माझ्या ओळखीचं आहे. मॅडमनी ते लगेच यादीत घातलं.

भांडण गेमपुरतं, प्रेम कायमचं, असं असू द्यावं.

तुमची,
खारूताई


२० जून

चि. खारूताईस,
अ. आ.

नवा गेम आला. शेवटी नावं झळकतात तिथे ‘कासव’ दिसलं, तेव्हा ह्यांनी चष्मा पुसायचं निमित्त केलं. तुमच्या लोकांनी नळी ह्यांच्यापेक्षा चांगली बसवली आहे, हे मान्य करायला त्यांना एक अख्खा दिवस लागला. मग स्वतःचा मॉड स्वतःच काढून टाकला. शिक्षिकाबाईंनी मात्र नव्या दारातून घोडे जुंपलेला बंब आत आणलाय. घोडा माझं ऐकत नाही, आणि परवा त्यापायी निम्मं शहर जळालं.

तुझी एका हाताची सोय हे दवाखान्यात असताना मी करून पाहिली. डाव्या हातानं बंब नेला, डाव्याच हातानं नळी धरली आणि सगळी आग विझवली. कुणाचीही मदत नाही. नंतर थोडा वेळ तिथेच बसून राहिले. तुझे उपकार मानत नाही, तू घरचीच आहेस.

ह्यांना मात्र यातलं काही सांगितलेलं नाही. संध्याकाळी आले, हात धुतले, खुर्ची माझ्याशेजारी ओढली आणि विचारलं, की आज त्यांच्याशिवाय आग लागली नाही ना. मी नाही म्हटलं आणि माउस त्यांच्या पुढ्यात सरकवला.

सवडीनं लिही, आणि आम्हा दोघांवर जीव असू दे.

तुझी,
मामी