पदूच्या नावाची ओळ

प्रिय निशा,

फोन हाताशी असताना ही बाई कागद-पेन घेऊन का बसली, असं तुला वाटेल. पण तुझा फोन अर्धा वेळ संतोषरावांच्या हातात असतो, हे तूच मला हसत हसत सांगितलं होतंस. म्हणून काकूंबरोबर शेंगदाण्याच्या वड्यांचा डबा पाठवतेय आणि तळाच्या कागदाखाली हे पत्र. काकूंना यातलं काही माहीत नाही. एकटी असशील तेव्हाच वाच. तुला दिवस गेलेत हे त्यांनीच सांगितलं, डोळे पुसत सांगितलं. दोनदा गेलं, आता हे तिसरं तरी नीट पार पडू दे, असं म्हणत होत्या. मलाही तेच हवंय गं, दुसरं काही नको.

मी संशयी आहे हे तुला नव्याने सांगायला नको. लहानपणी बुवापाड्यात रेशनच्या दुकानात मी काट्याखाली वाकून बघायचे, खाली चुंबक लावलाय का म्हणून, आणि तुझा भाऊ पदू माझी नक्कल करत सगळ्या रांगेला हसवायचा. अकरा वर्षांचं पोर, काविळीत चार दिवसांत गेलं. पद्माकर हे नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर, आपल्यासाठी तो पदूच. पोटचं पोर गेल्यावर काकूंनी घरात ते नाव कधी घेऊ दिलं नाही. काटा मात्र खरंच खोटा निघाला होता, आठवतं ना? तेव्हापासून माझा माझ्या संशयावर जरा जास्तच विश्वास बसलाय.

आता माझ्या नोकरीचं. कॅम्प तीनच्या सरकारी दवाखान्यात मागच्या बाजूला आमची खोली आहे, एक पडदा, दोन खुर्च्या, औषधांचं कपाट. गुप्तरोगाची तपासणी आणि समुपदेशन. जीन्सच्या कारखान्यातले कारागीर येतात, रिक्षावाले येतात, मोठ्या दुकानांचे मालक मफलर गुंडाळून येतात, कॉलेजची पोरंपोरी येतात. आमच्याकडे खरं नाव विचारायची पद्धत नाही. आलेल्याने मनाला येईल ते नाव सांगायचं, आम्ही त्याच नावाचं कार्ड करतो, पुढच्या खेपेला तेच नाव सांगायचं. कुणी देवाचं सांगतो, कुणी साडूचं. पुढे एक रकाना असतो, जोडीदार तपासणीला आला का? तिथे टिक झाली की आमचं काम पुरं. दोन वर्षांपूर्वी महिन्याला सिफिलिसचे चार-पाच सापडायचे, यंदा वीसच्या वर जायला लागले. मी वर लेखी कळवलं. वरून निरोप आला, "मॅडम, आकडा जरा बसवून घ्या ना, निवडणूक तोंडावर आहे." तिथेच मला कळलं की पाणी कुठेतरी मुरतंय.

आणि मग एका पेपरात बातमी फुटली. राजूभाऊंना तर तेवढंच हवं होतं, उभं राहायचंय ना वॉर्डातून! दुसऱ्या दिवशी चौकाचौकात फलक लागले, 'स्वच्छ वॉर्ड, निरोगी वॉर्ड', हात जोडलेले भाऊ आणि खाली बारीक फोटोंच्या ओळीत तुझे संतोषराव. भाषणात भाऊ म्हणाले की हा रोग आपला नाहीच, बाहेरून आलेल्या कारागिरांनी आणला. समोरच्या पक्षाचे म्हणाले, रोगच नाही, सगळी बदनामी आहे. औषध वाढवा असं एकजणही म्हणाला नाही. उलट कारखान्यांच्या दारात आम्ही निरोधचे डबे लावले होते, ते काढायला लावले. एक कारखानदार मला हळूच म्हणाला, "मॅडम, मेरेको कुछ प्रॉब्लेम नहीं, पण भाऊंची माणसं येऊन गेली. डब्बा तुमीच घेऊन जावा." आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

मग त्यांचं शिबिर झालं. मांडव, माईक, लाडू. रक्त तपासणी मोफत, पण फॉर्मवर नाव, पत्ता, मोबाइल आणि मतदार यादीतला क्रमांक! रक्ताला मतदार यादी कशाला लागते, हे मी तिथल्या पोराला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, वरून फॉर्म्याट आलाय." ज्यांच्या रक्तात दोष निघाला त्यांच्या कागदावर लाल स्टिकर, आणि कागद सगळ्यांसमोर हातात. अंजनी म्हणून एक शिलाईवाली बाई आमच्याकडे नेमाने यायची, अर्धं औषध झालं होतं. तिचा स्टिकर शेजारणीने पाहिला आणि आठवड्यात तिला खोली सोडावी लागली. ती कुठे गेली हे मला अजून कळलेलं नाही. माईकवर नावं पुकारत होते ते संतोषराव. त्यानंतर आमच्या खोलीत दिवसाला दोन माणसंही येईनात. रोग कमी झाला म्हणून भाऊंनी पेढे वाटले.

गेल्या सोमवारी संतोषराव माझ्याकडे आले. गोड बोलले, आमच्या अण्णांच्या तब्येतीची चौकशी केली, तुझा विषय निघाला तेव्हा पटकन दुसरीकडे वळले. मग म्हणाले, "तेजूताई, भाऊंना जुनी रजिस्टरं बघायचीयत. ऑडिटसारखं." मला वाटलं, यांना कारागिरांचे पत्ते हवेत, घरं खाली करायला. देणार नव्हतेच मी. पण यांना नक्की काय हवंय ते बघावं म्हणून माझ्यासमोर, माझ्या टेबलावर, एक मिनिट उघडू दिलं. चूक म्हण, पण मला काट्याखाली वाकून बघायचं होतं. निशा, त्यांनी यंदाचं रजिस्टर हातातही घेतलं नाही. गेल्या वर्षीचं घेतलं, थेट फेब्रुवारी काढला. बोट खाली खाली आलं आणि एका ओळीवर थांबलं. मग म्हणाले, "एवढं जुनं ठेवता कशाला? जाळत नाही का?" मी रजिस्टर ओढून घेतलं आणि कपाटाला कुलूप लावलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी त्या दिवशी समोर पाहिलं.

ते गेल्यावर मी ती ओळ वाचली. पदू, बुवापाडा. तो दिवस मी अण्णांना ॲडमिट केलं होतं तेव्हाचा, माझ्या रजेचा. मी रजेवर आहे हे तुझ्या घरी ठाऊक होतं, कारण तूच मला डबा पाठवला होतास. नोंद माझ्या जागी बसलेल्या विनीतच्या अक्षरात आहे. सिफिलिस. एक सुई दिली, पुढच्या दोन घ्यायला आला नाही. 'बायकोला आणतो म्हणाला' असं लिहिलंय, आणि पुढचा रकाना कोरा. बुवापाड्यातला पदू कोण, हे या अख्ख्या पट्ट्यात किती जणांना ठाऊक असेल? तू लग्नानंतर कधीतरी संतोषरावांना रडत रडत सांगितलं असशील. ऐनवेळी माणसाच्या तोंडी जवळचंच नाव येतं. त्यात त्यांना काही वाटलं नसेलही, पण मला भयंकर राग आला.

विनीतला मी काही विचारलं नाही, कुणालाच विचारलं नाही. घरी येऊन नुसती आठवत बसले. फेब्रुवारीतली नोंद. तुझं पहिलं गेलं ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, पाचव्या महिन्यात. दुसरं यंदा मार्चमध्ये, सहाव्यात. सासूबाईंनी तुझी दृष्ट काढली, बारवी धरणाच्या बाजूच्या देवाला कोंबडं दिलं, तुझ्या पत्रिकेतला दोष शोधून काढला. तेव्हा मी तुझी फाइल चाळली होती, सगळे रिपोर्ट होते, सिफिलिसच्या तपासणीचा कागद तेवढा नव्हता. लॅबमधून रिपोर्ट कोण आणायचं ते तूच सांगितलं होतंस. किती काळजी घेतात गं, असं म्हणाली होतीस. मीही हो म्हणाले होते. जन्मभर सगळ्यांवर संशय घेतला आणि नेमका तिथेच घेतला नाही, याची मला लाज वाटते.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. तुझ्या रक्ताची ती तपासणी व्हायला हवी, याच आठवड्यात, म्हणून हे पत्र. असा रोग आईच्या अंगात असला तर पोटातलं मूल जातं, आणि वेळेत सुया घेतल्या तर वाचतं. आधीची दोन का गेली हे मी छातीठोक सांगू शकत नाही, पण तुझ्यात खोट होती म्हणून गेली नाहीत, एवढं मात्र नक्की. दुसऱ्याची नोंद मी तुला सांगितली, हा आमच्याकडे गुन्हाच आहे, आणि इतरांची नावं जपण्यासाठी मी भाऊंशी भांडतेय ते आता कुठल्या तोंडाने भांडायचं, हेही कळत नाही. नोकरी गेली तर जाऊ दे. संतोषरावांना आधी काही विचारू नकोस, भांडू नकोस, आधी रक्त दे. त्यांनाही राहिलेल्या सुया घ्यायच्यात, पण ते नंतर बघू. मंगळवारी काकूंना सोडायला म्हणून अंबरनाथपर्यंत ये, पुढे मी तुला घ्यायला येते. रिपोर्ट मी तुझ्या हातात देईन, दुसऱ्या कुणाच्या नाही. आमच्या दारात तुला नाव विचारतील. कुठलंही सांग, देवीचं सांग, माझं सांग हवं तर. फक्त पदूचं सांगू नकोस, ते आधीच कुणीतरी वापरून ठेवलंय, आणि त्याच्या पुढचा तो कोरा रकाना मला तुझ्यासाठी भरायचाय.

वाट बघतेय, नक्की ये.

तुझीच,
तेजू